पणजीचे नाव कुठल्याच कागदावर नाही : घराण्याचा शोध आणि देव्हाऱ्यातले टाक

वारणाकाठ

नमस्कार. आमचे गाव पन्हाळा तालुक्यात, वारणेच्या दक्षिण काठाला आहे. मी नोकरीमुळे कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. तीन वर्षांपूर्वी वडील गेले, वारसनोंदीसाठी जुने फेरफार काढावे लागले, आणि तेव्हापासून घराण्याची वंशावळ जुळवण्याचे काम मी मनावर घेतले आहे. आजवर जे हाती लागले ते सांगतो. जिथे अडलो आहे तिथे जाणत्यांनी वाट दाखवावी ही विनंती.

फेरफारांवरून पणजोबांपर्यंत पोहोचता आले. पणजोबा वारले तेव्हा जमिनीला माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांची नावे लागली. दोघेही लहान, म्हणून नावांपुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान मुलांचा पालनकर्ता, असे लिहून पणजोबांच्या विधवेचे नाव घातले आहे. ही त्यांची दुसरी बायको. आजोबा आणि त्यांची थोरली बहीण ही पहिलीची मुले. ती पहिली पणजी आजोबा रांगत होते तेव्हाच गेली, एवढेच घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबांचा जन्म १९१७ चा धरतात. तिचे नाव काय, माहेर कुठले, हे आज कोणालाही सांगता येत नाही. नवऱ्याच्या आधी गेल्यामुळे वारस म्हणून तिचे नाव लागण्याचा प्रश्नच आला नाही.

गेल्या माघात, सुगी उरकल्यावर, घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवून वाचून दाखवणारे हेळवी गावात आले. लहानपणी ते नंदीवर बसून आलेले मी पाहिले आहेत. या वेळी पिकअप गाडी होती. आमच्या सोप्यावर घोंगडे अंथरले, त्यांनी मेणकापडातून वही काढली, उदबत्ती लावली आणि कानडी अक्षरांवरून बोट फिरवत मराठीत वाचायला सुरुवात केली. मूळपुरुष कुठून उठला, कोणत्या गावी किती दिवस राहिला, इथे कोणाच्या काळात आला, त्याचे मुलगे किती, निपुत्रिक कोण गेला, दत्तक कोण आला, हे सगळे एका लयीत येत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. वडिलांचे नाव त्यांनी उच्चारले तेव्हा आई आत निघून गेली. मग मी पणजीचे विचारले. त्यांनी पान मागे उलटले, पुढे उलटले आणि म्हणाले, "मालक, बायकांची नावं आमच्या बुकात येत न्हाईत. लेक झाली तर लेक म्हणून लिवतो."

आणखी एक अडचण आहे. आमच्या ट्रंकेत एक मोडी कागद निघाला, तो एका वाचकाकडून वाचून घेतला. त्यात आमच्या घराण्यातल्या एका पुरुषाचे नाव आहे आणि साल 'खमस सबैन मया व अलफ' असे आहे. हे नाव हेळव्यांच्या वहीतही आहे. त्यांच्या हिशेबाने तो पुरुष माझ्या पणजोबांचा खापरपणजोबा ठरतो. हे बरोबर मानावे का?

शेवटी घरातली एक गोष्ट. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक फार झिजले आहेत. काही तर ओळखूही येत नाहीत. या दिवाळीच्या आत सगळे कोल्हापूरच्या सराफबाजारात, गुजरीत, मोडीत देऊन नवे घडवून घ्यावेत, असे घरात ठरत आहे. जुने टाक घरात आहेत तसे राहावेत असे मला वाटते, परंतु का राहावेत हे भावांना पटवून सांगता येत नाही.

दप्तरदार

वारणाकाठ, आपण स्वतःपासून मागे मागे जात आहात, हीच या कामाची खरी रीत आहे. मूळपुरुषापासून पुढे यायला निघालेले बहुतेक जण वाटेत कुठल्यातरी प्रसिद्ध घराण्यात जाऊन मिसळतात आणि मग बाहेर पडत नाहीत.

आधी सालाचे पाहू. ही सुहूर सनाची पद्धत आहे. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११७५. मृग नक्षत्रापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, म्हणजे आपला कागद १७७४-७५ चा आहे. याच पेटीत पुढे फसली सनाचे कागद निघाले तर ५९० मिळवावेत, आणि शालिवाहन शक असेल तर ७८. तिन्ही सनांचे कागद एकाच रुमालात बांधलेले सापडतात आणि घाईत सुहूर आणि फसली यांची गल्लत करणारा माणूस त्यामुळे नऊ-दहा वर्षांची चूक सहज करतो.

आता पिढ्यांचे. १७७४ साली कागदावर नाव येणारा पुरुष तेव्हा तीस-पस्तिशीचा धरला तर त्याचा जन्म १७४० च्या आसपास. आपले पणजोबा १८८० च्या आगेमागे जन्मले असावेत. मधल्या १४० वर्षांत हेळवी चारच पायऱ्या सांगतात, म्हणजे प्रत्येक पायरी ३५ वर्षांची. एखादी पिढी तशी होऊ शकते, सलग चार होणे कठीण. माझा अंदाज असा की एक-दोन पिढ्या गळाल्या आहेत आणि त्या बहुधा नावामुळे गळाल्या आहेत. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. एक नाव एक पिढी सोडून पुन्हा येते, नक्कल करताना नजर पहिल्या नावावरून दुसऱ्यावर घसरते, मधला बाप नाहीसा होतो आणि आजोबा-नातू एकच माणूस ठरतात. हेळव्यांना पुढच्या वेळी तेवढाच भाग दोनदा वाचायला लावा आणि जुन्या वहीवरून नवी वही कोणाच्या हातची आहे तेही विचारा. त्यांच्या वहीवर अविश्वास दाखवायचा नाही. फक्त कागद आणि वही समोरासमोर ठेवायची.

आपले गाव वारणेच्या दक्षिणेला आहे, याला फार महत्त्व आहे. १७३१ च्या वारणेच्या तहाने ही नदी सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधली सीमा ठरली. त्यामुळे आपल्या गावाचे राज्यकारभाराचे कागद मुख्यतः कोल्हापूरच्या पुरालेखागारात शोधावे लागतील. नदीपलीकडच्या सोयऱ्यांसाठी पुण्याच्या पेशवे दप्तराची वाट धरावी लागेल. गाव थेट दरबारच्या खालशात होते की विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी अशा एखाद्या जहागिरीत होते, हेही आधी नक्की करा, कारण जहागिरीची दप्तरे वेगळी चालत. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हाच्या आधीचा आणि नंतरचा कागद नेहमी एकाच ठिकाणी मिळेल असे नाही.

दुसरी खूण १९१८ ची. शाहू महाराजांनी त्या वर्षी कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. त्याआधीचे गावचे दप्तर कुलकर्ण्यांच्या घरी असे. ते सगळेच नव्या तलाठ्याच्या हाती गेले असे समजू नये. माझ्या पाहण्यातल्या दोन गावांत कुलकर्ण्यांच्या माळ्यावर रुमालच्या रुमाल निघाले. गावातल्या त्या घराचे कोणी पुण्या-मुंबईला असतील तर त्यांना आदराने पत्र लिहा.

पणजीच्या बाबतीत सातबारा-फेरफार सोडून गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते पाहा. त्यात जन्म आणि मृत्यू दोन्ही असतात आणि मृत्यूच्या नोंदीत वय व रोग दिलेला असतो. बाईची नोंद कधी तिच्या नावाने, कधी नुसती 'अमक्याची बायको' अशी मिळते. आजोबा १९१७ चे असतील आणि ती त्यांच्या रांगत्या वयात गेली असेल तर १९१८ चे पुस्तक आधी मागवा. ते इन्फ्लुएंझाचे वर्ष होते. लोक त्या साथीला मानमोडी म्हणत आणि तिने तरणीताठी माणसे फार नेली.

शिरोळची लेक

सर्वांना नमस्कार. मला वंशावळीतले फारसे कळत नाही, परंतु कागदांविषयी जे सोसले ते सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आमच्या घरात छतापर्यंत आले. माणसे आणि जनावरे बाहेर काढली. सासऱ्यांची पत्र्याची पेटी राहिली. आठ दिवसांनी उघडली तेव्हा आत कागदांची वीट झाली होती. घाबरून आम्ही ती उन्हात टाकली आणि एकेक पान ओढून सुटे करायला गेलो. जेवढे ओढले तेवढे फाटले, जेवढे उन्हात राहिले तेवढे कडक होऊन तुकडे पडले. नंतर कळले की ओला गठ्ठा सावलीत, वारा लागेल असा ठेवायचा, पानांची घाई करायची नाही आणि ओल शोषून घेणारा कोरा कागद मधूनमधून सरकवत जायचे. जे वाचले ते शेवटच्या चार दिवसांत असे धीराने केल्यामुळे वाचले.

वारणाकाठ, आपली ट्रंक जमिनीवर असेल तर आजच उचलून माळ्यावर ठेवा. मोडी कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मांजरपाटाच्या धुतलेल्या फडक्यात बांधा आणि सोबत वेखंडाची पुरचुंडी ठेवा. आणि बांधण्याआधी प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ती घरातल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवा. आमच्या पेटीतल्या एका सनदेचे छायाचित्र पुतण्याने आधी कधीतरी खेळ म्हणून काढले होते. आज आमच्याकडे तेवढीच सनद आहे.

माणगावची वाट

धागा मनापासून वाचत आहे. एक गोष्ट मात्र मांडावीशी वाटते, की वर सांगितलेले बहुतेक मार्ग जमीन असलेल्या घरांचे आहेत. आमच्या घराकडे हेळवी आल्याचे कोणी सांगत नाही. आमचे पूर्वज गावचे वतनदार महार. त्यांचे नाव जमिनीच्या कागदावर फार उशिरा आणि गावकीच्या कामाच्या ओझ्यासह येते. कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये महार वतने रद्द होऊन त्या जमिनी रयताव्याने, म्हणजे इतर रयतेसारख्या सारा भरून धरायला, देण्याचा निर्णय झाला. त्या वेळच्या नोंदींत मला माझ्या खापरपणजोबांचे नाव त्यांच्या वडिलांच्या नावासह प्रथम दिसले. तोवर आमच्या घरात त्यांना नुसते 'थोरला बाबा' म्हणत.

आमच्यासारख्यांना सर्वांत मोठा आधार शाळेच्या जनरल रजिस्टरचा झाला. संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घ्यावे असा हुकूम निघाला. त्यामुळे त्या पिढीतली मुले रजिस्टरात सापडतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, हे सगळे एका ओळीत असते. फक्त जन्मतारखेवर विसंबू नये. निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा दिसेल, कारण शाळेत घालताना गुरुजींनीच तो दिवस धरलेला असतो. माझ्या चुलत आजोबांपुढे शाळा सोडण्याचे कारण म्हणून 'गुरे राखणे' असे लिहिले आहे. ती दोन शब्दांची नोंद मी किती वेळ पाहत बसलो होतो हे सांगता येत नाही.

आमच्या घरात अशी आठवण आहे की थोरला बाबा मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला चालत गेला होता. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते, ती परिषद. तो तिथे होता याचा कागद कधी मिळणार नाही, हे मला माहीत आहे. परंतु दरवर्षी २१ मार्चला आमची आजी भाकरी आणि कांदा फडक्यात बांधून मुलांच्या हातात देत असे आणि गावच्या वेशीपर्यंत चालायला लावत असे. आजी गेल्यावर दोन वर्षे ते राहून गेले. यंदा मी माझ्या मुलींना घेऊन ती चाल पुन्हा सुरू केली. वंशावळीत मी त्या नोंदीपुढे 'घरची आठवण' असे स्वच्छ लिहिले आहे, म्हणजे पुढे कोणी तिला कागद समजणार नाही आणि कोणी खोडणारही नाही.

गडहिंग्लजकर

हेळव्यांविषयी थोडे. त्यांची घरे मुख्यतः सीमेपलीकडे कर्नाटकात आहेत आणि प्रत्येक घराकडे ठरलेली गावे असतात. आपल्या गावचे हेळवी बदलत नाहीत, त्यांच्या पिढ्या बदलतात. कानडीत 'हेळव' म्हणजे लंगडा. त्यांचा मूळपुरुष पायाने अधू होता म्हणून नंदीवर बसून फिरला, असे ते सांगतात. ते आले की आपण नुसते धान्य घालून वाटेला लावतो, हे थांबले पाहिजे. आम्ही गेल्या खेपेला भावकीतल्या सगळ्यांना एकत्र बोलावले, त्यांना जेवायला वाढले, योग्य दक्षिणा दिली आणि त्यांच्या परवानगीने सगळे वाचन ध्वनिमुद्रित केले. वहीची छायाचित्रे त्यांनी आधी नाकारली, कारण ती त्यांची भाकरी आहे. ते त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले.

चंदगड भागातल्यांसाठी एवढेच, की तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. कोल्हापुरात कागद मिळत नाहीत म्हणून निराश होऊ नका.

गगनबावड्याचे माहेर

वारणाकाठदादा, आपली शेवटची चार वाक्ये वाचून मी हातातले काम ठेवून लिहायला बसले आहे. ते टाक कृपा करून अजून गुजरीत नेऊ नका.

झिजलेले टाक मोडून नवे करणे ही आपली जुनीच रीत आहे, त्यात वावगे काही नाही. परंतु देव्हाऱ्यातला प्रत्येक टाक देवाचाच असतो असे नाही. खंडोबा घोड्यावर असतो, भवानी अष्टभुजा असते, जोतिबा ओळखू येतो. त्यांच्या जोडीला घरातल्या गेलेल्या माणसांचेही टाक असतात. कुणाचा वीर असतो, कुणाची सवाष्ण असते. ते ओळखायला सोनाराला विचारून उपयोग नाही, घरातल्या म्हातारीला विचारावे लागते.

आपल्या पणजोबांनी दुसरे लग्न केले होते. पूर्वी दुसरेपणावर दिलेल्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक घालत. त्याला सवतीचा टाक म्हणतात. नवे लुगडे आले की आधी त्या टाकाला दाखवायचे, हळद-कुंकू आधी त्याला लावायचे, मग स्वतः ल्यायचे. पुढे ती दुसरी बायकोही गेली की तो टाक गळ्यातून निघून देव्हाऱ्यात येतो, आणि एक पिढी उलटली की तो कोणत्या देवीचा हे कोणाला सांगता येत नाही. देव्हाऱ्यातला टाक आणि गळ्यातला टाक यांत एक साधा फरक आहे. गळ्यातल्याला वर कडी असते, दोरा ओवायला. आपल्या टाकांपैकी एखाद्याला कडी आहे का, किंवा तुटलेल्या कडीची खूण आहे का, ते पाहा.

दुसरे, ती अहेव, नवरा हयात असताना, गेली. म्हणजे पितृपंधरवड्यात भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, तिच्यासाठी सवाष्ण जेवू घातली जात असली पाहिजे. आपल्या घरी ती रीत आहे का हे आईंना विचारा. घरचा म्हाळ भटजींकडून घालून घेत असाल तर त्यांच्याकडे यादी असते. आई, आजी, पणजी अशी तीन पिढ्यांच्या बायकांची नावे त्या वेळी उच्चारावी लागतात. सरकारी कागदांत बायका सापडत नाहीत, म्हाळाच्या यादीत सापडतात. एक सूचना मात्र करते. नाव आठवत नसेल तर भटजी कुठल्यातरी नदीचे किंवा देवीचे नाव घेऊन विधी पुरा करतात. यादीत 'गंगा' दिसले म्हणून ती गंगाच होती असे लगेच समजू नका.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. आपण सगळा शोध मुलांच्या बाजूने घेत आहात. बाईचे नाव तिच्या लेकीकडे राहते. आजोबांना थोरली बहीण होती असे आपणच लिहिले आहे. ती कुठे दिली होती, तिला लेकी किती, त्यांतली कोणी हयात आहे का? त्या म्हातारीपुढे वही-पेन घेऊन बसू नका आणि 'तुमच्या आजीचे नाव काय' असे एकदम विचारू नका. तिला ओव्या म्हणायला सांगा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या वाचताना लक्षात येते की बाई आईचे, भावाचे, माहेरच्या वाटेचे किती बारकाईने सांगते. कोणाच्या घरची तुळस कुठे होती हेसुद्धा ओवीत राहते. माझ्या स्वतःच्या आईचे लग्नाआधीचे नाव मला तिच्या मावशीच्या ओवीतून कळले. लग्नात बदललेले नाव आम्ही आयुष्यभर तिचे नाव समजत होतो.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दप्तरदारकाका, १९१८ चे पुस्तक विचारले. त्याच्या पुढची-मागची पुस्तके आहेत, त्या सालाचे मिळाले नाही. कुलकर्ण्यांच्या घरी पत्र पाठवले आहे.

ताई, आपले लिहिणे मी आईला वाचून दाखवले. आई काही न बोलता उठली, देव्हाऱ्यातले तबक उचलून तिने सोप्यावर आणले आणि आम्ही खिडकीच्या उजेडात एकेक टाक उलटून पाहिला. नऊ टाक आहेत. आठांच्या कडा मागे दुमडलेल्या आहेत. नववा, जो आम्ही आजवर यल्लम्माचा समजत होतो, तो अंगठ्याच्या नखाएवढा आहे, त्यावर हात जोडलेली बाई आहे, तिचा चेहरा पुसून गुळगुळीत झाला आहे. वरच्या बाजूला कडी आहे. कडी आतून इतकी झिजली आहे की एका जागी ती तारेएवढी उरली आहे. वर्षानुवर्षे दोरा घासल्याशिवाय चांदी अशी झिजत नाही. आईने सांगितले की अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला बसण्याआधी या एकाच टाकापुढे खण ठेवायचा, असे तिच्या सासूने तिला शिकवले होते. का, ते तिने विचारले नव्हते आणि सासूने सांगितले नव्हते.

आजोबांच्या बहिणीची एक लेक हयात आहे. करवीर तालुक्यात असते, वय पंच्याऐंशीच्या पुढे. येत्या रविवारी जात आहे.

दप्तरदार

पुस्तक न मिळाल्याचे वाईट वाटले. टाकाचे वर्णन वाचून मी पुन्हा एकदा शिकलो, की जे काम मी चाळीस वर्षे कागदांवर करत आलो, त्यात देव्हारा पाहण्याची गोष्ट मला सुचली नव्हती. एक विनंती आहे. आत्यांकडून नाव कळले तर ते कोणी सांगितले, कोणत्या दिवशी, कोणाच्या समक्ष, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. तिचे माहेर कळले तर त्या गावच्या लोकांचे तीर्थोपाध्ये त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला कोण आहेत ते विचारा. त्यांच्या वह्यांत यात्रेकरू स्वतःच्या हाताने किंवा सांगून कुळाचा लेख लिहीत, आणि त्यात घरच्या बायकांची नावेही अनेकदा येतात. भावाने बहिणीचे नाव घातलेले मी पाहिले आहे. तोंडी साक्षीला तो दुसरा आधार होईल.

वारणाकाठ

रविवारी जाऊन आलो. जे घडले ते क्रमाने लिहितो.

आत्यांना ऐकू कमी येते, नजर मात्र चांगली आहे. मी कोण हे कळायला वेळ लागला, कळल्यावर त्यांनी माझा हात धरून ठेवला तो पुढचा तासभर सोडला नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे ओव्यांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, सगळ्या विसरले, आता कोण दळतंय. त्यांच्या सुनेने एक चांगली गोष्ट केली. परड्यातल्या पडवीत जुने जाते उलटे पडले होते, ते आम्ही दोघांनी मिळून आत आणले, पुसले, खुंटा ठोकला आणि आत्यांना त्याच्यासमोर पाटावर बसवले. दळायला काही नव्हते म्हणून सुनेने मूठभर जोंधळा टाकला. आत्यांनी खुंट्यावर हात ठेवला, दोन फेरे नुसतेच घेतले, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. खुर्चीत बसून जी एक ओळ आठवत नव्हती, ती जाते फिरताच एकामागून एक येऊ लागली. मी ध्वनिमुद्रण सुरू ठेवले होते. पहिल्या काही ओव्या देवाच्या होत्या, जोतिबाच्या आणि अंबाबाईच्या, मग भावाच्या, आणि मग त्यांच्या आईने तिच्या आईसाठी म्हटलेल्या, ज्या आत्यांनी लहानपणी जात्यावर ऐकल्या होत्या. त्यात पणजीचे नाव आले. एकदा नाही, तीनदा आले. माहेरच्या गावाचे नाव आले आणि त्या गावाच्या ओढ्याचेही आले.

जाते थांबल्यावर मी खिशातून रुमालात गुंडाळलेला टाक काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. काहीही विचारले नाही. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, बोटाने कडी चाचपली आणि म्हणाल्या, "हा धाकट्या आजीच्या गळ्यात असायचा. आंघोळ झाली की आधी ह्याला कुंकू लावायची, मग आम्हांला च्या द्यायची." धाकटी आजी म्हणजे फेरफारात जिचे नाव आहे ती, आजोबांची सावत्र आई. आत्या पुढे बोलल्या ते मी जसेच्या तसे उतरवून घेतले आहे. त्यातले एवढेच सांगतो, की सावत्र असूनही तिने आत्यांच्या आईला आणि माझ्या आजोबांना पोटच्यासारखे वाढवले, आणि पहिलीच्या ओव्या त्या मुलीला तिनेच म्हणायला लावल्या, म्हणजे मुलीने आईला विसरू नये. पहिलीचे नाव ज्या बाईने जपले ती तिची सवत होती, हे कळल्यावर फेरफारावरच्या त्या 'अ.पा.क.' या तीन अक्षरांकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो.

दप्तरदारकाका, तारीख, वेळ, हजर असलेली माणसे, सगळे त्याच रात्री लिहून ठेवले आहे. माहेरचे गाव भुदरगडात आहे. तिथल्या लोकांच्या तीर्थोपाध्यांचा पत्ता लागला की त्र्यंबकेश्वरला जाईन. हेळवी पुढच्या माघात येतील तेव्हा गळालेल्या पिढ्या तपासायच्या आहेतच, आणि वहीत एका बाईचे नाव लिहून घ्याल का, असेही विचारणार आहे. शिरोळच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती तीन घरी ठेवल्या आहेत, एक आत्यांच्या सुनेकडे.

भावांनी टाक पाहिला. बाकीचे आठ दिवाळीआधी उजळून घ्यायचे, हा एक आहे तसा ठेवायचा, असे ठरले. कडीला सोनाराचा हातही लावायचा नाही.

गगनबावड्याचे माहेर

दादा, डोळे भरून आले. नाव काय निघाले?

वारणाकाठ

ताई, राग मानू नका, आज लिहीत नाही. आईने सांगितले आहे की कित्येक वर्षांत ते नाव या घरात कोणी घेतलेले नाही, तेव्हा पहिल्यांदा ते भाद्रपदातल्या नवमीला, टाकापुढे खण ठेवताना, घरातल्या सगळ्यांच्या देखत घ्यायचे. आत्यांना आणायला मी आदल्या दिवशी जाणार आहे. नवमी झाली की इथे लिहीन.